लहान चक्कर, मोठं चक्कर

लढाई संपली आणि मालक घरी आले. मालक म्हणजे माझे यजमान; नवऱ्याला आमच्या बाजूला असंच म्हणतात. ब्रह्मदेशात लष्कराच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या तुकडीत ते होते. आष्ट्याला आमचा ऊस होता, थोरले दीर सगळं बघत होते आणि दोघा भावांना पुरून उरेल एवढं काम शेतात होतं. पण मालकांना बांधावर उभं राहणं काही जमेना. पाणी पाजायला गेलेला हा माणूस सरी निम्मी भिजायच्या आत घरी परत यायचा, नाहीतर तिथूनच परस्पर सांगलीच्या रस्त्याला लागायचा. जेवायला बसले तरी मांडी हलत राहायची. ताटाशेजारचा तांब्या त्या हलण्यानं डुगडुगायचा.

दीर एकदा वैतागून म्हणाले, "आरं, जरा दम धर की. ऊस काय तू बघितलास म्हनून भराभरा वाढनार हाय व्हय?"

मालक म्हणाले, "दादा, बसलो की मला घाम फुटतोय."

ते खोटं नव्हतं. सावलीत बसलेल्या माणसाच्या कपाळावर मी घाम बघितलेला आहे.

शेवटी त्यांनी सांगलीत एका व्यापाऱ्याकडं काम धरलं. हा व्यापारी विहिरीवर बसवायची ऑईल इंजिनं विकायचा. गावोगावी जाऊन ती बसवून द्यायची, बिघडली की नीट करायची, हे मालकांचं काम. आम्ही हळदीच्या पेठेमागं एक खोली घेतली. पेठेत हळद चाळायला लागले की वाळत घातलेलं पातळ पिवळं व्हायचं, झटकलं तरी पुरतं जायचं नाही. आष्ट्याच्या घरात मला कामातून मान वर करायला फुरसत नसायची. इथं दोन माणसांचा स्वयंपाक उरकला की दिवस मोकळा. मी दारात जायची, आत यायची, भांडी पुन्हा लावायची, पुन्हा दारात जायची. मालक एसटी नव्हत्या त्या काळात सायकलवर, खाजगी सर्व्हिस मोटारीत, मिळेल त्या बैलगाडीत हिंडायचे. आज येतो म्हणायचे आणि परवा यायचे.

मग एक दिवस ते पुण्याला गेले आणि स्कूटर घेऊनच आले.

लष्करानं लढाईनंतर मोडीत काढलेल्या सामानात ती त्यांना मिळाली होती. ठेंगणी, हिरवट रंगाची, दोन लहान जाडजूड चाकं, मागं पत्र्याच्या पेटीसारखं इंजिन आणि त्यावर बसायची गादी. विमानातून उतरणाऱ्या अमेरिकन शिपायांसाठी असल्या गाड्या केल्या होत्या, असं मालक सांगायचे. आष्ट्याला नेली तेव्हा पारावरची माणसं उठून आली. एकानं विचारलं, "गड्या, ह्येची पुरती वाढ झालेली हाय का अजून व्हायची हाय?" मालक त्या दिवशी मनापासून हसले. लढाईवरून आल्यावर ते तसे हसलेले मी पहिल्यांदा ऐकले.

त्या स्कूटरला ना गिअर होते ना क्लचचा दांडा. एक ब्रेक आणि उजव्या हातात रेसची मूठ, बस्स. इंजिन चालू केलं की ती नुसती धडधडत जागेवर उभी राहायची. मूठ पिळत गेलं, इंजिनाचा आवाज एका ठरावीक पट्टीपर्यंत चढला, की मगच कुणीतरी पाठीमागून लोटल्यासारखी पुढं सरकायची. मला त्याचं नवल वाटायचं. इंजिन तर आधीपासून चालूच आहे, मग गाडी का थांबून राहते?

"फुगडी खेळलीस का न्हाई कवा?" मालकांनी विचारलं. "हळू फिरलीस तर हात सैल राहत्यात. जोरात फिरलीस की एकमेकींस्नी बाहेर वढता. आत तसेच दोन तुकडं हायत. इंजान जोरात फिरलं की ते बाहेर फाकत्यात आन् भोवतीच्या भांड्याला आतनं घट्ट धरत्यात. मग चाक फिरतं. इंजान मंद झालं की त्येंची पकड सुटली."

मला हे लगेच कळलं. फुगडीत दमून फेर मंद झाला की हात कसे निसटतात, ते कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

रविवारी मालक गाडी खोलीपुढं स्टँडवर चढवायचे आणि मला गादीवर बसवून रेस धरायला लावायचे. ते खाली वाकून कारबुरेटरचा स्क्रू फिरवायचे, मी मूठ धरून बसायची. "वाढव. आनखी. हां, आता हितंच धर, हलू देऊ नगंस." हात हलला की ओरडायचे. सुरुवातीला मला तो नुसता गोंगाट वाटायचा. महिन्या-दोन महिन्यांत मला त्यातले फरक ऐकू यायला लागले. अगदी मंद असताना इंजिन ठेच लागल्यासारखं अडखळत चालायचं. मग एक जागा अशी यायची की आवाज भरून यायचा आणि मुठीला आतून जोर लागल्यासारखं वाटायचं. त्याच्याही पुढं पिळलं तर आवाज चिरका व्हायचा, थरथर वाढायची, पण मालक म्हणायचे की आता जोर कमी झाला, नुसती धाप लागलीय. "ताकद मधल्या पट्टीत असती. खाली न्हाई, वरबी न्हाई." मलाही त्यांच्यासारखंच वाटायचं, की ह्या स्टँडवरून गाडी उतरावी आणि एकदा कुठंतरी निघावं. एकदा मी तसं म्हटलं. कृष्णेच्या काठी मळीच्या मोकळ्या रानात त्यांनी मला पुढं बसवलं. मी नऊवारी नेसायची, त्यामुळं दोन्हीकडं पाय टाकून बसायची काही अडचण नव्हती. दोन-चार गिरक्या मी नीट मारल्या. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. हे आष्ट्याला कळणार नाही अशी काळजी आम्ही दोघांनीही घेतली.

सांगली, आष्टा, मिरज हा सगळा सपाट मुलूख. तिथं गाडी वाऱ्यासारखी जायची. पण व्यापाऱ्यानं मालकांना साताऱ्याकडची गावं दिली आणि दुखणं सुरू झालं. पहिल्याच फेरीत एका घाटात गाडी निम्म्यावर अडली. चढाला वेग पडला, वेग पडल्यावर इंजिन मंद झालं, इंजिन मंद झाल्यावर आतल्या तुकड्यांची पकड सुटली. मालकांनी चिडून मूठ पूर्ण पिळून धरली. तुकडे घासत राहिले, जळक्या वासाचा धूर निघाला आणि गाडी उतारावरून मागं यायला लागली. ती मोटारीच्या टपावर टाकून त्यांना परत यावं लागलं. 

मग ते उपाय शोधायला लागले. इंजिनाची साखळी मागच्या चाकाच्या ज्या दातेरी चकतीवरून जायची तिला ते चक्कर म्हणायचे. सांगलीतल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी जास्त दातांचं, मोठं चक्कर करून घेतलं. ते बसवलं की चाक एकदा फिरायला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागायचे. म्हणजे गाडी हळू चालली तरी इंजिन आपल्या जोराच्या पट्टीत राहायचं, पकड सुटायची नाही आणि चढ निघायचा. साताऱ्याचा घाट गाडीनं न थांबता चढला. मला वाटलं, मिटलं.

पण मोठ्या चक्करानं सपाटीवरचा वेग गेला. इंजिन ओरडत राहायचं आणि सायकलवाला थोडा वेळ का होईना बरोबरीनं चालायचा. मालकांना ते सहन होईना. आष्ट्याच्या रस्त्यावर एकदा टांग्यानं आम्हाला मागं टाकलं, तेव्हा त्यांनी घरी येताच लहान चक्कर परत बसवलं. मग तोच उद्योग सुरू झाला. सातारा असेल तर मोठं, मिरज असेल तर लहान. दर वेळी चाक काढायचं, साखळीच्या कड्या घालायच्या, काढायच्या. आमच्या खोलीत भाकरीच्या तव्याइतकंच ते चक्कर हाताळलं जायचं.

मी म्हणायची, "आवं, मोठंच ऱ्हाऊ द्या की. उशिरा पोचलासा तर काय हुतंय?"

"तुला न्हाई कळायचं," ते म्हणायचे. "गाडी रडती आन् जागची हालत न्हाई, आसं वाटतंय मला."

ह्या सगळ्यात माझ्या सासूबाईंचा नवस राहिला होता. मुलगा लढाईवर असताना त्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाला बोलून ठेवलं होतं, की तो धड परत आला तर जोडीनं दर्शनाला पाठवीन. मालक येऊन तीन वर्षं होत आली तरी आम्ही गेलो नव्हतो. सासूबाई दर भेटीला विचारायच्या आणि मालक दर वेळी पुढच्या महिन्याचं सांगायचे. अखेर त्या सांगलीला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी निगाल्याबिगर मी हितनं हालत न्हाई." दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो.

"मोठं चक्कर बसवलं का?" मी निघताना विचारलं. म्हसवडच्या वाटेवर चढ आहेत हे मला माहीत होतं.

"व्हय व्हय," मालक म्हणाले आणि किक मारली.

तासगाव, विटा मागं पडलं. मी मागं बसून पाठीवरच्या बोचक्याची गाठ धरून होते. गाडी फार छान पळत होती. एवढी छान पळतेय म्हटल्यावर माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण वारा असा काही लागत होता की मीही विचारलं नाही. मायणी सोडल्यावर मुलूख बदलला. ऊस नाही, पाट नाही; माळ, दगड, दूरवर मेंढरं. आणि तिथं गाडी धक्के घ्यायला लागली. आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. मला वाटलं इंजिन बिघडलं. मग माझ्या लक्षात आलं, मालकांचा हात थरथरत होता.

एका लिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली आणि तिथंच खाली बसले. दात वाजत होते. ब्रह्मदेशातून आणलेला हिवताप वर्षातून एक-दोनदा त्यांना धरायचाच, पण असा भर रस्त्यात कधी आला नव्हता. मी बोचक्यातली दोन्ही पातळं, देवाला न्यायचं नवं वस्त्र, सगळं त्यांच्या अंगावर घातलं. तरी हुडहुडी थांबेना. माळावर माणूस नाही. म्हसवडला गेल्याशिवाय औषध नाही.

मी म्हटलं, "मी चालवते. तुमी मागं बसा."

एरवी ते ओरडले असते. तेव्हा नुसती मान डोलावली. मी त्यांचा फेटा सोडला, त्यांच्या पाठीवरून माझ्या पोटाशी आणून घट्ट गाठ मारली आणि गाडी काढली.

सपाटीवर काही अडलं नाही. माझं सगळं लक्ष आवाजाकडं होतं. मालकांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं आणि त्याची थरथर माझ्या अंगात येत होती. मग रस्ता वळला आणि समोर चढ दिसला. लांबलचक नव्हता, पण छातीवर येणारा होता. मी मूठ पिळली. निम्म्या चढापर्यंत गाडी गेली आणि आवाज खाली यायला लागला. मी आणखी पिळलं. आवाज चढला, पण गाडी पुढं जाईना. आणि तो जळका वास आला. मी लगेच रेस सोडून ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले.

"आवं, मोठ्या चक्करावर आसं व्हतंय का कवा?"

माझ्या पाठीशी थोडा वेळ नुसते दात वाजले. मग ते म्हणाले, "लहानच हाय."

"आन् मोठं?"

"खाटंखाली."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण माणूस फेट्यानं पाठीला बांधलेला. त्याच्याकडं वळूनही बघता येईना. मी गाडी मागं घेत घेत खाली आणली, त्यांना सोडून दगडाला टेकवून बसवलं आणि येरझाऱ्या घालायला लागले. रस्त्याच्या ह्या कडेला, मग त्या कडेला. बसवत नव्हतं. मालक अर्धवट डोळे उघडून म्हणाले, "बस की जरा." मी आणखी एक फेरी मारली.

तेवढ्यात कडब्याची बैलगाडी आली. गाडीवान आणि त्याची बायको बाजारातून कडबा घेऊन म्हसवडकडंच निघाले होते. बायकोनं आधी मालकांच्या अंगाला हात लावला. "आगं बाई, काईल झालंय की आंग!" म्हणाली आणि नवऱ्याला कडबा सारून जागा करायला लावली. आम्ही तिघांनी मालकांना वर चढवलं.

"आन् ह्ये यंत्र?" गाडीवानानं विचारलं. "बांदायचं का मागं?"

"मी आनते," मी म्हणाले.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी? बाई मानूस?"

कडब्यातून मालकांचा आवाज आला. "तिला येतंय चालवाया." आणि मग मला उद्देशून, "लांबनं पळवत आन. चढाला लागताना आवाज भरलेला पायजे. एकदा पडला की हितं उचलायचा न्हाई."

बैलगाडी चढाला लागली. मी स्कूटर बरीच मागं नेली. आता एकटीचंच वजन होतं. मूठ पिळली, आवाज भरला, गाडी सुटली. चढ लागला तेव्हा ती चांगल्या वेगात होती. मी बैलगाडीला मागं टाकलं. गाडीवानाची बायको काहीतरी ओरडली ते कळलं नाही. निम्म्याच्या वर आवाज किंचित खाली आला.  मूठ आणखी पिळायला जागा राहिली नव्हती. पुढं वाकले, जणू त्यानं काही होणार होतं. आवाज तिथंच राहिला. पडला नाही. आणि मग एकदम हलका झाला, कारण चढ संपला होता.

माथ्यावर वारा होता. मी गाडी उभी केली, पदर नीट केला आणि खाली पाहिलं. बैलगाडी अजून पायथ्याजवळच होती. बैल पाऊल टाकायचे, थांबायचे, पुन्हा टाकायचे. मी एका दगडावर बसले. उठले. पुन्हा बसले. माझा नवरा तिथं कडब्यात तापानं फणफणलाय आणि मी इथं नुसती बघत उभी, हे मला सोसेना. मी सरळ गाडी वळवली आणि खाली गेले.

"काय झालं?" गाडीवान घाबरून म्हणाला.

"काय न्हाई. बघायला आले." मी मालकांच्या कपाळाला हात लावला, पुन्हा खाली जाऊन धाव घेतली आणि पुन्हा चढ चढले. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी काळजीनं खाली गेले होते आणि नंतर आणखी दोनदा गेले तेव्हा काळजीचं निमित्त होतं. तिसऱ्या वेळी गाडीवानाची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मालक कडब्यातून म्हणाले, "पेट्रोल संपवतीस काय? कुपनावर मोजून मिळतंय ते." मग मी माथ्यावर गप उभी राहिले.

म्हसवडला देवळाजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. गावातल्या डॉक्टरांनी क्विनाईन दिलं. ताप उतरायला आठवडा गेला. सिद्धनाथाचं पहिलं दर्शन मी एकटीनंच घेतलं. जोडीचा नवस असल्यानं पुजाऱ्यानं विचारलं, यजमान कुठं? मी म्हटलं, "आलेत, पन झोपल्यात." खरंच ते झोपले होते. लढाईवरून आल्यापासून ते इतके सलग झोपलेले मी पाहिले नव्हते. मी उशाशी बसून त्यांच्या पायांकडं बघायची. पाय हलत नव्हते. मला आधी त्याचीच भीती वाटली.

बरं वाटायला लागल्यावर एक दिवस भिंतीला टेकून पेज पिताना ते म्हणाले, "बैलगाडीत बसलो आन् मला काय वाटलं नव्हतं. पन तू सारखी वर-खाली करायलीस ना, तवा मला आसं झालं की उठावं आन् तुला एका जागी बसवावं."

"मग बसवायचं हुतं," मी म्हटलं.

"मग कळलं, दादाला माज्याकडं बघून काय वाटत आसंल." त्यांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. "खोटं बोलाय नगं हुतं चक्कराचं."

मी म्हटलं, "परत निगताना तुमीच पुढं बसा. पन मला इचारून रेस द्या." ते हसले. नवस फेडायला आम्ही जोडीनं गेलो, पुजाऱ्यानं भंडारा लावला आणि दुसऱ्या दिवशी सांगलीला निघालो. उतारच जास्त होता, त्यामुळं लहान चक्करावर काही अडलं नाही.

घरी आल्यावर मोठं चक्कर बसवलं ते बसवलंच. त्याचं श्रेय मी घेत नाही. मालकांनी आपणहून लहान चक्कर लेथवाल्याला देऊन टाकलं. गाडी हळू चालायची आणि त्यांची चिडचिडही राहिली. "टांगा गेला बघ फुडं," असं म्हणून ते अजून दात खायचे. पण साताऱ्याच्या फेरीहून ते सांगितलेल्या दिवशी परत यायला लागले. गावाबाहेर रस्ता मोकळा असला की मूठ माझ्या हातात यायची. दिरांना कुणीतरी सांगितलंच. त्यांनी मालकांना जाब विचारला तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. "तिनं चालीवली म्हनून माजं लेकरू डाक्टरापातूर पोचलं," म्हणाल्या. बैलगाडीचं मी काही काढलं नाही. विषय संपला.

पुढं गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले. आतले ते दोन तुकडे झिजले, नवे कुठंच नव्हते. मालकांनी वहाणेच्या चामड्याचे करून बघितले, ते जळाले. शेवटी एका बागायतदारानं नुसत्या इंजिनासाठी गाडी विकत घेतली. औषध फवारायच्या पंपाला ते जोडायचं त्याच्या मनात होतं. मालक स्वतः जाऊन जोडून देऊन आले. संध्याकाळी परत आले ते चालत, अंगभर धूळ. हातपाय धुतले, पाटावर बसले. मला वाटलं, आता चार दिवस घर शांत राहील.

मी भाकरी वाढत होते. पहिला घास मोडायच्या आधीच ते म्हणाले, "मिरजेत एक जुना ट्रक हाय. घ्यावा म्हनतोय."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "बघाय कवा जायाचं?"